वेळ काढायचा, पण कुणाकडून?

"वेळच मिळत नाही गं!" लिहिण्याचा विषय काढला की आपल्या गटांमध्ये हे वाक्य ठरलेलं. उल्हासनगरच्या कॅम्पात घरी बसून जीन्सचे धागे तोडणारी हे म्हणते, अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी म्हणते, बदलापूरहून रोज मुंबई गाठणारी म्हणते. पूर्णवेळ कार्यकर्तीही तेच म्हणते. त्यावर मिळणारा सल्लाही तितकाच ठरलेला असतो. पहाटे तासभर लवकर उठा. दिवसाचं वेळापत्रक करून भिंतीला लावा. टीव्ही आणि मोबाइल कमी करा. ध्येय ठरवा, मनाला शिस्त लावा, म्हणजे वेळ आपोआप निघेल. शेवटी एक वाक्य हमखास येतं, "दिवसाचे चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात."

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण बाईचा वेळ तिच्या स्वतःच्या ताब्यात आहे आणि तिला तो नीट वापरता येत नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. वस्तीत काम करताना मला दिसतं ते उलट आहे. नियोजन बायकांना उत्तम जमतं. पाणी किती वाजता येणार, रेशनचं दुकान कोणत्या दिवशी उघडं असणार, सासूबाईंच्या गोळ्या कधी संपणार, मुलाची फी कोणत्या आठवड्यात भरायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात कागदाशिवाय तयार असतं. नियोजन येत नाही हा प्रश्नच नाही. त्या नियोजनात घरातल्या प्रत्येकाचा वेळ धरलेला असतो, फक्त तिचा स्वतःचा वेळ कुठे लिहिलेला नसतो. म्हणून "वेळ कसा काढायचा" या प्रश्नाच्या आधी "तो कुणाकडून काढायचा" हा प्रश्न विचारायला हवा, असं मला वाटतं.

लिहिणं म्हणजे काय, हेही आधी स्पष्ट करू. कविता आणि कथा त्यात येतातच. पण आपल्या आयुष्याची हकीकत, मोर्चाचा वृत्तान्त, वस्तीच्या पाण्याच्या प्रश्नाची तारीखवार नोंद, गटाच्या दहा वर्षांचा इतिहास, वर्तमानपत्राला पाठवलेलं पत्र, पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज, हेही लिहिणंच आहे. हे कुणीतरी लिहीत असतंच. आपण लिहिलं नाही तर दुसरं कुणी लिहितं आणि मग तेच खरं ठरतं.

याचं उदाहरण आपल्या दारातलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. तक्रार नोंदवून घेण्यात झालेल्या दिरंगाईने लोक खवळले आणि २० ऑगस्टला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बदलापूर स्टेशनात गाड्या अडवून धरल्या गेल्या. रुळांवर उतरलेल्यांमध्ये बायका होत्या, शाळकरी मुलींच्या आया होत्या. त्या दिवसाबद्दल भरपूर लिहिलं गेलं. पोलिसांनी आपल्या भाषेत लिहिलं, वाहिन्यांनी आपल्या भाषेत सांगितलं, राजकीय पक्षांनी आपापल्या सोयीचं पत्रक काढलं. पण त्या दिवशी स्वयंपाक अर्धा टाकून स्टेशनवर गेलेल्या बाईने तिथे काय पाहिलं, संध्याकाळी घरी परतल्यावर तिला काय ऐकून घ्यावं लागलं, दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत पाठवताना तिच्या मनात काय होतं, हे तिच्या हातून कितीसं लिहिलं गेलं? आणखी वीस वर्षांनी कुणी या आंदोलनाचा अभ्यास करायला बसलं तर हाताशी गुन्ह्यांची नोंद असेल, बातम्यांची कात्रणं असतील. बाईचा कागद क्वचितच सापडेल.

हे पूर्वीही झालेलं आहे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत हजारो दलित स्त्रिया उतरल्या. त्यांनी सभा भरवल्या, सत्याग्रहात भाग घेतला, मुलींची वसतिगृहं चालवली. पण चळवळीच्या इतिहासात त्यांची नावं फारशी आली नव्हती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी त्या म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना हुडकून काढलं, त्यांच्याशी बोलून टिपणं केली आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं राहिलं. ऊर्मिलाताई तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करत होत्या, घर-मुलं सांभाळत होत्या. या दोघींनी आपला वेळ त्या कामाला लावला नसता तर कितीतरी जणींची साक्ष त्यांच्याबरोबरच गेली असती.

आता वेळेचा हिशेब मांडू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापराची पाहणी केली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा केली. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानायचा तर पुरुषांचीही नऊ मिनिटं कमी झालेली आहेत. म्हणजे तिच्या डोक्यावरून उतरलेलं काम त्याने घेतलं, असं या आकड्यांतून दिसत नाही. शिवाय हे पुरुषांचे आकडे घरकामाला हात लावणाऱ्यांपुरतेच आहेत. २०१९ च्या पाहणीत सहा वर्षांवरच्या दर शंभर पुरुषांमध्ये असे सव्वीसच होते. बायकांमध्ये एक्याऐंशी. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं या हिशेबात नाही, ते वेगळं मोजलेलं आहे.

देशाचे आकडे आपल्या तीन गावांवर ठेवून पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होतं. उल्हासनगरात घरबसल्या काम करणारीला मजुरी नगावर किंवा डझनावर मिळते. तिने तासभर वही उघडली तर तेवढे डझन कमी भरतात आणि तेवढे पैसे त्याच संध्याकाळी कमी येतात. तिच्यासाठी लिहिण्याच्या तासाला रोख किंमत आहे. अंबरनाथच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत जाणारीची पाळी बदलते. या आठवड्यात सकाळी मोकळा असलेला तास पुढच्या आठवड्यात नसतो, म्हणून भिंतीवरचं वेळापत्रक तिच्या काही कामाचं नाही. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर साधारण ६८ किलोमीटर. जाता-येता तीन तास सहज गाडीत जातात आणि ते उभं राहून, दाटीत. त्या तीन तासांतही बायका भाजी निवडतात, अभ्यासाच्या वह्या तपासतात, डबा खातात, भिशीचा हिशेब करतात. या तिघींना "पहाटे तासभर लवकर उठा" असं सांगणं म्हणजे तुमच्या झोपेतून तास कापा, असं सांगणं आहे. घरात ज्याच्याकडे वेळ शिल्लक आहे त्याला हातही न लावता जिच्याकडे शिल्लकच नाही तिच्याकडून वसुली करायची, असला हा न्याय.

"यंत्रं आली, गॅस आला, मिक्सर आला, मग वाचलेला वेळ गेला कुठे?" असंही विचारलं जातं. या प्रश्नाचं उत्तर आपल्या जात्यापाशी आहे. पहाटे जात्यावर बसलेली बाई दळता दळता ओव्या गायची. हात कामात असायचे, पण तोंड तिचं स्वतःचं होतं. माहेर, सासर, भाऊ, लेकीचं दुःख, दुष्काळ, विठ्ठल, आंबेडकर, सगळं त्या ओव्यांत आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियामुळे त्या कुणालाही वाचता-ऐकता येतात. बायकांकडे सांगायला काही नसतं, असं म्हणणाऱ्याने तिथे जरूर जावं.

पुढे पिठाची गिरणी आली. कंबर मोडणारं एक काम सुटलं, ते चांगलंच झालं, जात्याचे गोडवे गाण्याचं काही कारण नाही. पण दळणाबरोबर ओवीची जागाही गेली आणि वाचलेला तास बाईच्या हातात आला नाही. तो दुसऱ्या कामांनी भरला. वेळ वाचला म्हणजे तो बाईचा झाला, असं होत नाही. मोकळ्या झालेल्या वेळेवर तिने लगेच हक्क सांगितला नाही तर घर तो ताब्यात घेतं. नियोजन हवं ते याच्यासाठी.

आपल्या आधीच्या बायकांनी कसं लिहिलं, ते या दृष्टीने पुन्हा वाचायला हवं. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' आपल्या छोट्या दुकानात बसून लिहिलं आणि घरच्यांच्या भीतीने ते कागद वीसेक वर्षं लपवून ठेवले. ते लेखन १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात आलं आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. या कथा आपण शिबिरांमध्ये कौतुकाने सांगतो. त्यातून धीर मिळतो, हे खरंच आहे. पण "बघा, इतक्या अडचणीतही त्यांनी लिहिलं, मग तुम्हाला काय झालं?" असा त्यांचा वापर करू नये. लपवून लिहावं लागणं ही अभिमानाची नव्हे, लाजेची गोष्ट आहे. आणि ती लाज त्या बायकांची नाही. एक बेबीताई वीस वर्षं लपवून लिहितात तेव्हा लपवायलाही जागा न मिळालेल्या किती जणी असतील, त्यांचा विचार करायला हवा.

व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ मध्ये म्हटलं होतं, की बाईला लिहायचं असेल तर तिची स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंडांचं उत्पन्न हवं. आपल्याकडे बहुतेक घरांमध्ये खोली एकच असते आणि ती सगळ्यांची असते. मग आपण कुठून सुरुवात करायची?

माझ्या मते सुरुवात करण्यासाठी लागणारं साधन आपल्याकडे आधीपासून आहे. ते म्हणजे बचत गट. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या चोख नोंदी ही पंचसूत्री आपल्या वस्तीतल्या बायकांना तोंडपाठ आहे. एकटीने महिना शंभर रुपये बाजूला टाकायचे म्हटले तर ते कुठे ना कुठे खर्च होतात. दहा जणींनी मिळून, ठरलेल्या तारखेला, वहीत सही करून टाकले की ते टिकतात. वेळेचंही तसंच आहे. एकटीचा राखलेला तास "जरा एवढं करून दे" म्हणत कुणीही मागून घेतं. गटाने राखलेला तास मागायला लोक बिचकतात.

हे कसं करता येईल ते थोडं तपशिलात सांगते. समजा सहा जणी आहेत. शनिवारची दुपार, दोन ते पाच, ही त्यांनी ठरवली. दर शनिवारी एकीची पाळी. त्या तीन तासांत बाकीच्या पाच जणी तिची मुलं सांभाळतील, पाणी भरतील, तिच्या वाटचे धागे तोडून देतील. ती लिहील. सहा आठवड्यांत प्रत्येकीला तीन सलग तास मिळतील. हे तास फार नाहीत. पण सलग आहेत आणि कुणाची बोलणी न खाता मिळालेले आहेत. एखादीला अंकासाठी लेख पुरा करायचा असेल तर तिने दुसरीची पाळी उसनी घ्यावी आणि पुढे परत करावी. बदलत्या पाळीत जाणारीने आपला वार दर महिन्याच्या बैठकीत नव्याने नोंदवावा. बसायला जागा म्हणून अंगणवाडी, समाजमंदिर, वाचनालय, गटातल्या एखादीचं दुपारी रिकामं असलेलं घर, यातलं काहीही चालेल.

पण इथे एक धोका आहे आणि तो सांगितला नाही तर ही सगळी मांडणी फसवी ठरेल. बायकांनी आपापसात वेळ फिरवला तर एकीचा तास दुसरीला मिळतो, बायकांचा एकूण वेळ वाढत नाही. घरातले पुरुष जिथे होते तिथेच राहतात. म्हणून या वहीत एक जादा रकाना हवा, "हा तास कुणी दिला?" आणि नियम असा हवा, की पाळी असलेल्या बाईच्या तीन तासांपैकी निदान एक तास तिच्याच घरातल्या पुरुषाने द्यायचा. नवऱ्याने, दिराने, कॉलेजात जाणाऱ्या मुलाने. त्या तासात त्याने मुलीची वेणी घालावी, कुकर लावावा, भांडी घासावीत. ज्या घरात पुरुष नाही तिथे अर्थातच हा नियम लागू नाही आणि तिथे गटाने जास्त भार उचलावा. महिन्याच्या बैठकीत तो रकाना मोठ्याने वाचावा. "अमक्या ताईंच्या मुलाने तीन महिन्यांत एकही तास दिला नाही" हे बैठकीत वाचलं गेलं की त्या घरी बोलणं सुरू होईल. वाटाघाट बाईने एकटीने नवऱ्याशी रात्री दबक्या आवाजात करण्यापेक्षा गटाच्या ठरावाचा कागद हातात धरून करणं सोपं असतं.

ही वाटाघाट जिथे शक्यच नाही अशी घरं आहेत, हे आपण सगळ्या जाणतो. जिथे वही सापडली तर मार बसेल, तिथे वही घरात ठेवू नये. गटाच्या कपाटात तिच्यासाठी एक कप्पा असावा आणि त्याची किल्ली दोघींकडेच असावी. मोबाइल नवरा किंवा मुलगा तपासत असेल तर त्यात लिहिणं किंवा आवाज भरून ठेवणं टाळावं. अशा बाईचं पहिलं लेखन कदाचित एवढंच असेल, तारीख, वेळ, काय घडलं, कुणी पाहिलं, दवाखान्यात कधी गेले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याची वेळ आली तर अशा नोंदी फार उपयोगी पडतात. "कधीपासून मारतो?" या प्रश्नावर गोंधळून गप्प बसावं लागत नाही. अशा वहीला साहित्य म्हणायचं की नाही, याचा वाद साहित्य संमेलनाने घालावा. आपल्या दृष्टीने ते लिहिणं आहे आणि त्यासाठी वेळ राखणं हे आपलं काम आहे.

आता उद्दिष्टाबद्दल. "मला लिहायचंय" हे उद्दिष्ट फार मोठं आहे आणि फार धूसर. बचत गटात आपण "श्रीमंत व्हायचंय" असं लिहीत नाही. "दिवाळीपर्यंत शिलाई मशीनसाठी इतके रुपये" असं लिहितो. तसंच इथेही करावं. काय लिहायचं, किती लिहायचं, कधीपर्यंत आणि कुणाला वाचून दाखवायचं, हे चार प्रश्न सोडवले की पुरे. बदलापूरची बाई म्हणेल, "गाडीतल्या माझ्या डब्याबद्दल दोन पानं, महिनाअखेरीला, गटाच्या बैठकीत वाचणार." लिहायला गाडीत हात मोकळा नसेल तर ती रोज उतरल्यावर एकच ओळ टिपून ठेवील आणि आपल्या शनिवारी त्या ओळी जोडील. धागे तोडणारी म्हणेल, "नगाचा भाव कसा बदलत गेला, ते मला आठवतं तसं, एक पान." कार्यकर्ती म्हणेल, "मोर्चाचा वृत्तान्त आठ दिवसांच्या आत, कारण पंधरा दिवसांनी मी तपशील विसरते." ऐकणारं कुणी वाट पाहत असेल तर लिहिणं होतं, हा अनुभव आपल्यातल्या अनेकींचा असेल. "छान झालंय" एवढं म्हणून सोडू नये. कुठे कळलं नाही, कुठे अजून ऐकायचं होतं, ते सांगावं. ठरलेलं झालं नाही तर दंड लावू नये. उद्दिष्ट निम्मं करून पुढची तारीख घ्यावी.

भाषेचाही प्रश्न आपल्याकडे आहे. उल्हासनगर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं शहर. शेजारच्या वस्त्यांमध्ये मराठी, हिंदी, आणखी कितीतरी भाषा बोलल्या जातात. लिहायचं म्हणजे शुद्ध मराठीतच, हे दडपण नको. सिंधहून विस्थापित होऊन मुंबईत आलेल्या पोपटी हिरानंदानी यांनी आपलं आत्मचरित्र सिंधीतच लिहिलं आणि १९८२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जिला जी भाषा स्वप्नात येते तिने तीत लिहावं, वाचून दाखवताना शेजारणीने अर्थ सांगावा.

आणि जिला लिहिताच येत नाही? बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं. त्यांच्या ओठी आलेलं घरातल्यांनी उतरवून घेतलं, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक निघू शकलं. आज प्रत्येक गटात एखादी तरी दहावी-बारावी झालेली मुलगी असते. सांगणारी एक आणि लिहून घेणारी एक, अशी जोडी करता येईल. दोन अटी मात्र पाळाव्यात. लिहून घेतलेलं तिला परत वाचून दाखवायचं आणि त्यावर नाव तिचंच घालायचं. बाईचं सांगणं गोळा करून आपल्या नावावर छापणारे अभ्यासक आपण पुष्कळ पाहिले आहेत, त्यांत आपली भर नको.

"लोकांना पाणी नाही, नोकरी नाही, आणि तुम्ही लिहिण्याच्या गोष्टी करता?" हा आक्षेप चळवळीच्या आतूनच येतो. त्याला उत्तर द्यायला हवं. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'त छापला गेला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आणलं. त्या काळी पाण्याचे, पोटाचे, सोवळ्याओवळ्याचे प्रश्न काही कमी नव्हते. त्या प्रश्नांवर बोलण्यासाठीच त्या लिहीत होत्या. पाण्याचा प्रश्न सुटल्यावर लिहू, असं म्हणणाऱ्यांच्या पाण्याच्या लढ्याची नोंद नगरपालिकेच्या दप्तरात तेवढी राहते.

या आक्षेपाची दुसरी बाजू संस्था-संघटनांकडे वळवायला हवी. बाईचा वेळ घर खातं तसा आपल्या संघटनाही खातात. रविवारी शिबिर, संध्याकाळी बैठक, रात्री फोन. कार्यकर्तीकडून आपण अहवाल मागतो, तोही बहुधा इंग्रजीत, देणगी देणाऱ्यांच्या नमुन्यात, त्यांच्या रकान्यांत बसेल एवढाच. त्या रकान्याबाहेर राहिलेलं, जे तिला खरं बोचलेलं असतं, ते लिहायला तिला तास मिळत नाही. मोर्चाला गेलेला दिवस आपण काम म्हणून धरतो, मग मोर्चाचा वृत्तान्त लिहिण्यात गेलेली दुपार काम म्हणून का धरू नये? प्रत्येक संघटनेने कार्यकर्तीच्या महिन्यातला एक दिवस लिहिण्यासाठी ठरावाने राखून ठेवावा आणि त्या दिवशी तिला फोन करू नये. मानधन देणाऱ्या संस्थांनी त्या दिवसाचं मानधन द्यावं. घरातल्या पुरुषाकडे तास मागणाऱ्या संघटनेने आधी आपल्या कार्यकर्तीला दिवस द्यावा, हे न्यायाचं आहे.

मैत्रिणींनो, ही सगळी मांडणी छोटी वाटेल. सहा जणी, शनिवारची दुपार, एक वही आणि तिच्यातला एक जादा रकाना. पण त्या रकान्यात जे नाव लिहायचं आहे त्यावरून घराघरांत भांडणं होणार आहेत आणि ती व्हायला हवीत. आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय ठेवा. कुणाचा शनिवार पहिला, ते ठरवा. ज्या गटांना ही पद्धत पटत नाही त्यांनी का पटत नाही ते लिहा, तेही इथे छापायला हवं. आणि तीन महिन्यांनी वहीतला तो रकाना किती भरला, किती कोरा राहिला, ते अंकाकडे जसंच्या तसं कळवा. कोरा राहिला असेल तर कुणाच्या घरी आणि का, हेच पहिलं लिहायचं आहे.